तिसरीचं देवक

आक्कांनी तबकातली सुपारी उचलली, अडकित्ता जवळ ओढला आणि मग काय मनात आलं कोण जाणे, सुपारी मुठीत धरून म्हणाल्या, "देवकाचं बोलून घिऊया की आधी. फोडल्यावर घोळ नको."

आम्ही सगळे निर्धास्त हसलो. पोहे झाले होते, मुलगा-मुलगी एकमेकांना कधीपासून ओळखत होती, आणि साखरपुड्याचा हॉल तर दाजींनी आधीच ठरवून टाकला होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कराडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. बैठक त्यांच्याच घरी होती. मुलगी त्यांची, केतकी. माझी एकुलती एक भाची. मी मामा, रावसाहेब. हे आजोबांचं नाव मला ठेवलंय, साहेबपण कुठलं आलं नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बैठकीतल्या मामाला दोनच कामं असतात, पाहुण्यांना आग्रह करायचा आणि मधून मधून विनोद करायचा. दुसरं काम मी जरा जास्तच मनावर घेतो, असं माझ्या बायकोचं मत आहे.

मुलाकडचे लोक तासगावचे, द्राक्षबागायतदार. पृथ्वीराजची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं ते आक्कांनी, म्हणजे त्याच्या आजीनं. त्या घरात वडील बोलायचे आणि आक्का ठरवायच्या.

"आमचं पंचपालवी," मुलाचे वडील म्हणाले.

"आमचं सूर्यफूल," दाजी म्हणाले.

झालं. देवकं निराळी, म्हणजे वाट मोकळी. एका देवकाची दोन घरं म्हणजे भावकी, तिथं सोयरीक होत नाही, एवढं आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. आक्कांनी अडकित्ता उघडला, आणि तेवढ्यात माशी शिंकली.

"आक्का, एक सांगायचं राहिलंय," केतकी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "माझ्यात आईबाबांचं आहे तसं आणखी एका बाईचंही थोडं आहे. पृथ्वीला माहीत आहे. तुम्हाला उद्या दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून सांगते."

ताईनं डोळे मिटून घेतले. दाजींनी हातातला कप बशीसकट खाली ठेवला.

ताईचा पहिला मुलगा चालायला लागायच्या आतच गेला होता. डॉक्टरांनी निदान केलं ते असं, की बाळाच्या अंगात ताकद तयार करणारं जे काही असतं, ते आईकडून येतं, आणि ताईकडचं ते बिघडलेलं होतं. पुढचं मूलही तसंच निघण्याची भीती होती. मग दाजींनी कर्ज काढलं आणि ताईला परदेशातल्या एका हॉस्पिटलात नेलं. जेवणाखाण्याचे हाल नकोत म्हणून माझी बायको राजश्री सोबत गेली. तिथं ताईच्या बीजातलं केंद्र काढून दुसऱ्या एका बाईच्या निरोगी बीजात ठेवलं. रंग, नाक, डोळे, स्वभाव सगळं ताई-दाजींचं. फक्त ती ताकदीची यंत्रणा तिसरीची. त्यातून ही केतकी झाली. शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत ती पहिली यायची आणि वर घरी येऊन मैदान लहान आहे म्हणून तक्रार करायची.

"म्हंजे काय, ते मला कळाय पाहिजे," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दाजी सरसावून बसले. शिकवायची संधी दिसली की त्यांना प्रसंगाचं भान राहत नाही. "सोपं आहे, आक्का. समजा, मोटारसायकल आहे. इंजिन तेच, चाकं तीच, टाकी तीच. आपण फक्त बॅटरी बदलली."

"दुसऱ्या गाडीची काढून घातली?"

"हो. म्हणजे..."

"म्हंजे सेकंडहँड."

आता मामानं मध्ये पडलं पाहिजे असं मला वाटलं आणि मी पडलो. "आक्का, तुमच्या बागेत तरी काय असतं? खुंट रानटी द्राक्षाचा, वर कलमाचा डोळा भरलाय चांगल्या जातीचा. घड लागल्यावर तुम्ही खुंटाचं देवक विचारता का व्यापाऱ्याला?"

पृथ्वीराजला हसू आलं. आक्कांना आलं नाही.

"मामा, बाग लावायची असती तर नसतं इच्यारलं," त्या म्हणाल्या. "मला सून आणायची हाय. तिच्या हातनं देवघरात दिवा लागणार, लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसणार. मी देवाला काय सांगू, ह्यात कुणाकुणाचं घर आलं म्हणून? त्या तिसऱ्या बाईचं देवक काय?"

"ते आम्हाला माहीत नाही," दाजी छताकडं बघत म्हणाले.

"मास्तर, तुमास्नी खोटं बोलाय येत न्हाई. छताकडं बघताय."

"आक्का, मला चालतंय ना," पृथ्वीराज म्हणाला.

"तुला चालतंय रं. तू काय, बुलेटवर बसवून आणशील. घर मला चालवायचंय." मग त्या जरा मऊ झाल्या. "बाईचं नाव नगं मला. तिनं उपकारच केलाय, तिला कशाला उघडी पाडायची? देवक तेवढं सांगा. आमचं निघालं न्हाई की झालं. पर ठावंच न्हाई म्हणत असशीला, तर मी सुपारी फोडायची न्हाई."

"मग मीही येणार नाही," केतकी म्हणाली. पृथ्वीराजनं तिच्याकडे चमकून पाहिलं. "तुझ्यावर राग नाही, पृथ्वी. पण ज्यांनी तुला वाढवलं त्यांनी मला शंकेनं घरात घेतलेलं मला चालणार नाही. आक्का, तुमच्या मनात यायला हवी मी. नाहीतर राहू दे."

एवढं बोलून ती आत गेली. पोरगी रडली असती तर आम्ही काहीतरी करू शकलो असतो. ती सरळ चालत गेली आणि मागच्या अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे घड्या करायला लागली, जसं काही लग्न शेजारच्या घरातलं होतं.

मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात शिरलो. राजश्री ओट्याशी उभी होती. चहा उकळून उकळून काळा झाला होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. माझी बायको दुधावरची साय वाया जाऊ देत नाही, आणि आज तिच्यासमोर चहा आटत होता.

"ऐकलंस सगळं?" मी विचारलं.

"भिंत आहे का काय मधी? दार आहे. ऐकलं."

"आता एकच उपाय. मी बाहेर जातो आणि सांगतो, देवक कळंब. कोण बघायला जातंय?"

"देवकाचं खोटं सांगणार?"

"एवढ्याशा खोट्यानं देवाला काय होतंय? त्याला मोठमोठी ऐकायची सवय आहे."

"तुमची थट्टा ठेवा गुंडाळून," ती म्हणाली. तिनं गॅस बंद केला. "मी सांगते जाऊन."

"राजे, तुझ्या माहेरचं देवक पंचपालवी आहे."

"मला माहीत आहे माझ्या माहेरचं देवक."

"त्यांचंही तेच आहे. सांगितलंस की मोडलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. न सांगता कदाचित आक्कांना पटवता येईल."

ती तिसरी बाई म्हणजे माझी बायको. घरात हे आम्हा चौघांनाच माहीत होतं, केतकीलाही नाही. न सांगण्याची अट राजश्रीचीच होती. ती म्हणाली होती, पोरगीला आई एकच असू दे, दोन आयांच्या मधी पोर चेंगरतं. ताई तिच्या पाया पडायला निघाली होती, तर हिनं तिला म्हटलं होतं, मी काय दिलं? माझ्याकडं वापराविना पडून होतं.

त्या वाक्याचं मला अजून वाईट वाटतं. आम्हाला मूल झालं नाही. दोष माझ्यात होता. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि मी ते चारचौघांत बोलूनही दाखवलं. पण लोकांना वाटायचं, रावसाहेब मनानं मोठा, बायकोचं अंगावर घेतोय. मी खरं बोलून मोठा होत गेलो आणि ती गप्प राहून वांझ ठरत गेली. डोहाळजेवणाला तिला मागं बसवायचे. बारशाला तिनं पाळण्याची दोरी धरली की कुणीतरी गोड हसून काढून घ्यायचं. हे मी थट्टेत घालवायचा पुष्कळ प्रयत्न केला. जात नाही.

"हे बघा," राजश्री म्हणाली, "न सांगता मोडलं तर केतकी जन्मभर समजंल की तिच्यातच काहीतरी खोट आहे. सांगून मोडलं तर दोष माझ्या माहेरच्या देवकाचा. मला आणखी एक दोष जड नाही."

मी काहीतरी बोलणार होतो. तिनं माझ्या हातात चहाचा ट्रे दिला. "आणि हा आणा मागनं. पहिल्यांदा गाळा."

ती बाहेर जाऊन आक्कांच्या समोर सतरंजीवर बसली. मी न गाळलेलाच चहा घेऊन मागे उभा राहिलो.

"आक्का, ती तिसरी मी," ती म्हणाली.

ताईनं हुंदका दिला. मुलाचे वडील माझ्याकडं बघायला लागले, जसा काही मी यात मुख्य आरोपी होतो.

"ते बॅटरीचं सोडा," राजश्री पुढे म्हणाली. "मला त्या डॉक्टरीणबाईनं असं समजावलं होतं, की अंगाच्या कणाकणात बारीक बारीक चुली असतात. त्यांच्यावर सगळं शिजतं, म्हणून आपण हलतो, चालतो. ताईंच्या चुली पेटत न्हवत्या. पहिलं लेकरू त्यानंच गेलं. म्हणून माझ्या घेतल्या. बाकी घर सगळं ताईंचं. मी फक्त चूल दिली."

आक्का तिच्याकडं बघत राहिल्या. "आन् देवक?"

"माहेरचं पंचपालवी."

मुलाच्या वडिलांनी मांडीवर हात मारला. "म्हणजे भावकीच झाली की. मोडलं मग."

"तू गप रं," आक्का म्हणाल्या. "चुलीचं चाललंय, तुला काय कळतंय त्यातलं?" मग मागच्या दाराकडं मान वळवून त्यांनी हाक मारली, "अगं ए पोरी, इकडं ये."

केतकी दारातच उभी होती. हातात कुणाचा तरी अर्धवट घडी केलेला शर्ट होता, आणि ती मामीकडं अशी बघत होती की मी दुसरीकडं बघू लागलो.

"तू शिकल्याली हाईस. मला सांग, ह्या चुली लेकराला बापाकडनं येतात का आईकडनं?"

"फक्त आईकडून," केतकी म्हणाली. आवाज जरा बसला होता. "आईला तिच्या आईकडून. तिला तिच्या आईकडून. अशाच मागं मागं."

"मुलग्यास्नी मिळत न्हाईत?"

"मिळतात. पण त्यांच्याकडून पुढे जात नाहीत. त्यांच्यापाशी संपतात."

"म्हंजे बापाचं त्यात काय न्हाई?"

"काही नाही, आक्का."

आक्का राजश्रीला म्हणाल्या, "तुझ्या आईचं माहेर कुठलं?"

"कडेगाव."

"तुझ्या आजीचं?"

"विट्याकडचं. गावाचं नाव..." राजश्री थांबली. "माहीत नाही."

"आन् तिच्या आईचं?"

राजश्रीनं मान हलवली.

"मलाबी न्हाई ठावं माझ्या पणजीचं," आक्का म्हणाल्या. "सासरची सात पिढ्यांची नावं पाठ हाईत मला, पर आईच्या आईची आई कोण, कुठली, कुणी सांगितलंच न्हाई. जिथं दिली तिथली झाली." त्या पृथ्वीराजच्या वडिलांकडं वळल्या. "भावकी कशी झाली रं? देवक बापाचं असतंय. बापानं ज्यात काय दिलंच न्हाई, त्याला बापाचं देवक कसं लागंल? हिच्या बापाचं पंचपालवी हाय, चुलीचं न्हवं."

"पण आक्का, लोक..." मुलाचे वडील म्हणाले.

"लोकांच्या घरात विस्तव कुठनं यायचा?" आक्का म्हणाल्या. "तुला आठवणार न्हाई. आमच्या लहानपणी काडेपेटी जपून वापरायची. सकाळी चूल विझल्याली असली की आई मला शेणीचा तुकडा देऊन शेजारी पाठवायची, निखारा आणाय. ज्या घरात धूर दिसंल त्या घरात जायचं. त्या घराचं देवक कुणी इच्यारलं न्हाई. आन् त्या विस्तवावर केलेला निवद देवाला चाललाच की."

मला वाटतं, त्या बैठकीतली सगळ्यात चांगली थट्टा आक्कांनी केली, आणि त्यांना ती थट्टा वाटतही नव्हती. दाजींनी तर खिशातून पेन काढलं होतं. हे उदाहरण त्यांना सुचलं नव्हतं याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

आता सुपारी फुटणार म्हणून मी ट्रे खाली ठेवला. पण आक्कांची मूठ उघडली नाही. त्या राजश्रीलाच विचारत होत्या.

"तुला पोरं किती?"

हा प्रश्न माझ्या बायकोला आयुष्यात पुष्कळ वेळा विचारला गेला होता आणि प्रत्येक वेळी उत्तर मीच दिलं होतं. आताही तोंड उघडलं. "आक्का, त्यात दोष माझा..."

"मामा, तुमास्नी न्हाई इच्यारलं."

राजश्रीनं वर पाहिलं. "पोटी नाही झालं, आक्का."

"मी पोटाचं कुठं इच्यारलं?"

तेव्हा ताई जागेवरून उठली. माझी बहीण मुलुखाची भित्री. एवढी वर्षं ती मनात एकच भीती धरून होती की पोरगीला कळलं तर ती आपली अर्धीच राहील. ती उठून राजश्रीच्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि म्हणाली, "एक आहे तिला, आक्का. आमच्या दोघीत एक."

केतकी हातातल्या शर्टासकट पुढे आली. मला वाटलं आता गळ्यात पडून रडारड होणार. ती मामीपुढं उकिडवी बसली, तिच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मी दमत नाही ते तुझ्यामुळं? आणि आईला वाटायचं, तिच्या डिंकाच्या लाडवांमुळं."

"लाडवांनी बी थोडं झालं असंल," राजश्री म्हणाली आणि मग ती रडली. तिला मी फार वेळा रडताना पाहिलेलं नाही. केतकी तिचे डोळे पुसायला जवळ काही सापडेना म्हणून तोच शर्ट वापरत होती. माझा होता, नंतर कळलं.

आक्कांनी मूठ उघडली. सुपारी घामानं ओली झाली होती. त्यांनी ती पदराला पुसली, अडकित्त्यात धरली आणि अडकित्ता राजश्रीपुढं केला.

आमच्याकडं सुपारी घरातली कर्ती पुरुषमाणसं फोडतात. आक्का फोडणार होत्या हेच नवल होतं. त्यांच्या वयापुढं कुणी काही बोललं नसतं. पण मुलीकडच्या बाईच्या हातात अडकित्ता द्यायचा, तोही मामीच्या, आणि तीही अशी मामी की जिला बारशाला कुणी पाळण्याची दोरी धरू देत नाही, हे आमच्या साऱ्या भागात कुणी ऐकलं नसेल.

"मी?" राजश्री म्हणाली. "आक्का, माझ्या हातनं कशी? चांगल्या कामाला..."

"फोड, विहीणबाई," आक्का म्हणाल्या.

आपल्याला आयुष्यात कुणी त्या शब्दानं हाक मारेल असं राजश्रीला वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं. तिनं ताईकडं पाहिलं. ताईनं तिचा हात धरून अडकित्त्यावर ठेवला आणि आपला हात काढून घेतला. राजश्रीनं दाबला, पण पहिल्यांदा जोर पुरला नाही. दुसऱ्यांदा कट्कन आवाज झाला, अर्धी सुपारी तबकात पडली आणि अर्धी उडून सोफ्याखाली गेली.

सगळे हसले, टाळ्या वाजल्या, पृथ्वीराजनं पेढ्यांचा बॉक्स फोडला. मुलाचे वडील चहा मागायला लागले आणि न गाळलेला चहा कुणाच्याही लक्षात न येता संपला. त्या गडबडीत मी सुपारी शोधायला म्हणून गुडघ्यांवर बसलो आणि सोफ्याखाली डोकं घातलं. तिथं माझे डोळे कुणाला दिसत नव्हते. आता केतकीला मुलगी आहे. ती माझ्या दुकानभर पळते, तारांची गुंडाळी उलगडते, आणि तिच्यामागं पळून मीच दमतो. तिला बघितलं की मला ती दुपार आठवते, ती सोफ्याखालची धूळ आठवते, आणि वरून आलेला आक्कांचा आवाज.

"मामा, सापडली का न्हाई अजून?"

"शोधतोय, आक्का," मी म्हणालो. सुपारी मघापासून माझ्या मुठीत होती.